नायगारा: हेलिकॉप्टर, जेट बोट की साधी बोट? (आई-बाबा सोबत आहेत)

पायवाट | १४ मे

नमस्कार मंडळी. आई-बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे आलेत. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नायगाराला जायचं चाललंय. न्यू जर्सीहून गाडीने, दोन रात्री मुक्काम.

माणसं अशी: बाबा ७२, ठणठणीत. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, त्यामुळे वाहतं पाणी दिसलं की थांबून हिशोब मांडतात. आई ६८, गुडघे कुरकुरतात आणि पाण्याची भीती. चिरंजीव ८, भीती कशाशी खातात ते माहीत नाही. नवरा गेला महिनाभर जेट बोटीचे व्हिडिओ बघतोय. आणि मला, खरं सांगायचं तर, हेलिकॉप्टरमधून बघायचाय तो धबधबा. कॉलेजात असल्यापासून.

पाच जणांचा खर्च बघता एकच मोठी गोष्ट झेपेल. हेलिकॉप्टर की जेट बोट? की ती रेनकोट घालून जायची बोटच पुरेशी आहे? आणि वरून बघायला कॅनडाच्या बाजूला जायलाच हवं का? आम्हा दोघांकडे ग्रीन कार्ड, लेक इथलाच, आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर.

जाऊन आलेल्यांनी सांगा. "गूगल करा" म्हणणाऱ्यांना आधीच नमस्कार.

दमट | १४ मे

गूगल करा.

(पळतोय.)

निळी_शाई | १४ मे

आम्ही दोनदा गेलोय, दोन्ही वेळा ज्येष्ठ नागरिक सोबत. डोळे झाकून मेड ऑफ द मिस्ट, म्हणजे तीच रेनकोटवाली बोट. प्रॉस्पेक्ट पॉइंटच्या मनोऱ्यातून लिफ्टने थेट धक्क्यावर उतरता येतं, त्यामुळे गुडघ्यांचा प्रश्न नाही. वीसेक मिनिटांची फेरी. आधी अमेरिकन फॉल्सच्या समोरून जाते, मग घोड्याच्या नालाच्या (हॉर्सशू फॉल्स) आत शिरते आणि तिथे इंजिनाच्या जोरावर जागच्या जागी उभी राहते. तिन्ही बाजूंनी पाणी. ते वर्णन करण्यात अर्थ नाही, मी दोनदा प्रयत्न करून सोडून दिलंय.

सासूबाईंनाही पाण्याची भीती होती. खालच्या डेकवर मधोमध उभ्या केल्या, कठडा हाताशी. पाच मिनिटांनी बघते तर बाई वरच्या डेकवर.

टोरांटोकर | १४ मे

पायवाट, आधी व्हिसाचं. तुम्ही दोघं भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड दाखवून कॅनडात येऊ शकता. आई-बाबांना अमेरिकेचा व्हिसा असला तरी कॅनडाचा वेगळा व्हिसा काढावाच लागेल. रेनबो ब्रिजवर जाऊन "नुसतं पलीकडे बघून येतो" म्हटलेलं चालत नाही. आणि अमेरिकेचा व्हिसा सिंगल एंट्रीचा असेल तर परतीचाही विचार करून ठेवा. मे अर्धा झाला, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत व्हिसा हातात येईलच असं धरून हॉटेल बुक करू नका.

आता धबधब्याचं. आमच्या बाजूने तो समोरून दिसतो, तुमच्या बाजूने कडेवर उभं राहून. लोक म्हणतात कॅनडाची बाजू सरस. मी इथे १८ वर्षं राहतोय, पाहुण्यांना घेऊन किती वेळा गेलो मोजत नाही. समोरचं चित्र आमच्याकडे, पण अंगावर येणारं पाणी तुमच्याकडे. केव्ह ऑफ द विंड्सला हरिकेन डेक म्हणून लाकडी मचाण आहे, ब्रायडल व्हेल या छोट्या धबधब्याच्या पाण्यापासून जेमतेम २० फुटांवर. ते मचाण दर हिवाळ्याआधी उतरवतात आणि वसंतात पुन्हा उभं करतात. तसलं आमच्याकडे काही नाही.

उडाणटप्पू | १५ मे

हेलिकॉप्टर हेलिकॉप्टर हेलिकॉप्टर.

आम्ही कॅनडाच्या बाजूने केलं होतं. बारा मिनिटं. "बाराच?" असं मीही म्हणालो होतो, पण उतरल्यावर तोंडातून शब्द फुटत नव्हता. आधी नदीच्या घळीवरून नेतात. खाली व्हर्लपूल, तो हिरवा भोवरा. मग रेनबो ब्रिज, मग अमेरिकन फॉल्स, आणि शेवटी हॉर्सशूला वळसा. खाली उभं असताना तुम्हाला कडा दिसते, पाणी दिसतं, धुकं दिसतं. वर गेल्यावर कळतं की ही एक अख्खी नदी आहे, सपाट जमिनीवरून शांत चाललेली, आणि मध्येच तिच्या पायाखालची जमीन संपते. घोड्याचा नाल हे नाव का पडलं ते फक्त वरून कळतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. बसण्याआधी सगळ्यांचं वजन करतात आणि जागा ते ठरवतात, तोल सांभाळायला. खिडकी हवी म्हणून भांडता येत नाही. मला मधली मिळाली. बायकोला खिडकी, आणि तिने अर्धा वेळ डोळे मिटलेले होते.

शेंडेफळ | १५ मे

वजन सगळ्यांसमोर करतात?? बाद.

उडाणटप्पू | १५ मे

शेंडेफळ, आकडा मोठ्याने वाचून दाखवत नाहीत हो. पण माझ्या नवीन जॅकेटच्या खिशात बाटली, चार्जर, कॅमेरा होता, तो आकडा बघून मीच दचकलो.

खवट | १५ मे

मला एक कळत नाही. माणूस हजारो मैलांवरून एक धबधबा बघायला जातो. तिथे पोचल्यावर त्याला तो धबधबा पुरत नाही. वरून बघायचा, खालून बघायचा, मागून बघायचा, तारेवर लोंबकळत बघायचा. अरे, कठड्याशी उभे राहा की शांतपणे अर्धा तास! फुकट आहे. मी तेच केलं होतं. वर ते हेलिकॉप्टर दर पाच मिनिटांनी भुणभुणत होतं, आणि त्यात बसलेल्यांना कल्पनाही नसेल की खाली उभ्या माणसाच्या कानाला त्यांच्या आनंदाचा किती त्रास होतोय.

दमट | १५ मे

खवटराव नावाला जागले. 🙏

बाष्प | १५ मे

खवट, "फुकट आहे" हे तुम्ही सहज म्हणालात, पण ते फुकट करायला लोकांना भांडावं लागलं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या बाजूची कडेची जमीन खाजगी मालकांकडे होती. गिरण्या, कुंपणं, आणि बघायचे पैसे. १८८५ साली न्यूयॉर्क राज्याने ती ताब्यात घेतली आणि तिथे राखीव उद्यान केलं. गोट आयलंडवरची (धबधब्यांच्या मधलं बेट) झाडी आणि वाटा फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडच्या कल्पनेतल्या, न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणाऱ्यांपैकी एक. त्याचा आग्रहच असा होता की मध्ये काही उभं करू नका, माणूस आणि पाणी एवढंच असू द्या. म्हणजे तुमचा मुद्दा चांगला जुना आहे.

पार्किंगला मात्र पैसे पडतात. :)

खवट | १५ मे

बघा. माझ्या बाजूने ओल्मस्टेड आहे.

गाडीवान | १६ मे

जेट बोटीबद्दल कुणी बोलेना म्हणून लिहितो. आमच्या चार टाळक्यांनी केली, लय भारी. पण पायवाटताई, तुमच्या यजमानांना एक गोष्ट आधीच सांगा, नाहीतर तिथे जाऊन तोंड पडेल: जेट बोट धबधब्यापाशी जात नाही. आमच्यातल्या दोघांना उतरेपर्यंत वाटत होतं की "आता येईल धबधबा, आता येईल." ती खालच्या अंगाला सुटते, अमेरिकेत लुइस्टनच्या बाजूने, कॅनडात क्वीन्स्टन किंवा नायगारा-ऑन-द-लेकहून, आणि नदीच्या उलट्या दिशेने घळीतून वर व्हर्लपूलपर्यंत येते. मध्ये डेव्हिल्स होल नावाचे रॅपिड्स. तिथे समोर पाण्याची भिंत उभी राहते आणि चालक मुद्दाम बोटीचं नाक तिच्यात घालतो. एकदा नाही, परत फिरून येऊन परत घालतो.

रेनकोट देतात. त्याचा उपयोग शून्य. पाणी गळ्यातून आत शिरतं आणि पायातून बाहेर येतं. कोरडे कपडे, अंतर्वस्त्रांसकट, गाडीत ठेवा. हे मी लाजत नाही सांगायला, कारण आम्ही ठेवले नव्हते आणि हॉटेलपर्यंत सीटवर प्लास्टिकच्या पिशव्या पसरून बसलो.

पाठीचं दुखणं, हृदयाचा त्रास, गरोदरपण असेल तर घेत नाहीत. मुलांना वय-उंचीची अट असते, तुमच्या चिरंजीवांची उंची मोजून निघा. बंद काचेची बोट पण असते, कोरडी. तिच्यात बसणाऱ्यांकडे आम्ही तुच्छतेने बघितलं.

निळी_शाई | १६ मे

तुच्छतेने बघितलंत ते प्लास्टिकच्या पिशवीवर बसायच्या आधी ना?

गाडीवान | १६ मे

आधी. 😑

बाष्प | १६ मे

गाडीवान, धबधबा दिसला नाही म्हणता, पण तुम्ही धबधब्यातूनच गेलात!

सुमारे १२,००० वर्षांपूर्वी नायगारा क्वीन्स्टन-लुइस्टनच्या इथे, कड्यावरून कोसळत होता. आज तो तिथून साधारण ११ किलोमीटर वर आहे. मधली सगळी घळ त्याने स्वतः मागे सरकत कोरलेली. वर कठीण डोलोस्टोनचा थर, खाली मऊ शेल. पाणी खालचा मऊ भाग पोखरतं, वरचा कठीण थर अधांतरी राहतो आणि एक दिवस तुटून पडतो. की धबधबा थोडा मागे. पूर्वी हा वेग वर्षाला मीटरभर असायचा, आता पाणी कमी सोडतात म्हणून तो फुटभरावर आलाय. जेट बोटीतून दोन्ही बाजूंना जे उभे कडे दिसतात, त्यांच्यावर हे थर स्पष्ट दिसतात. पण तेव्हा डोळ्यांत पाणी असतं, मान्य.

पायवाट | १६ मे

बाष्प, एक मिनिट. "आता पाणी कमी सोडतात" म्हणजे? कोण सोडतं?

दमट | १६ मे

म्हणजे नायगाराला नळ आहे??

बाष्प | १६ मे

आहे की! 😄

१९५० साली अमेरिका आणि कॅनडाने करार केला. नदीचं पाणी दोन्ही देश वीजनिर्मितीला घेतात, पण पर्यटकांच्या वेळेत धबधब्यावरून किमान १,००,००० क्यूसेक पाणी गेलंच पाहिजे. पर्यटकांची वेळ म्हणजे १ एप्रिल ते १५ सप्टेंबर, सकाळी ८ ते रात्री १०. १६ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर, सकाळी ८ ते रात्री ८. बाकी सगळा वेळ, म्हणजे रात्री आणि हिवाळ्यात, ५०,००० क्यूसेक चालतं. नदीचा सरासरी प्रवाह साधारण दोन लाख क्यूसेक धरा. म्हणजे भर दुपारी आपण अर्धा नायगारा बघतो, आणि मध्यरात्री पाव.

हे नियंत्रण धबधब्याच्या वरच्या अंगाला नदीत कॅनडाच्या काठापासून घातलेल्या १८ दरवाजांच्या बांधातून होतं. दरवाजे उभे केले की पाणी तुंबतं आणि बोगद्यांकडे वळतं, पाडले की धबधब्याकडे जातं. पुढे खाली कॅनडाचं सर अ‍ॅडम बेक आणि अमेरिकेचं रॉबर्ट मोझेस, समोरासमोर दोन वीजकेंद्रं. जेट बोट त्यांच्या मधूनच जाते.

गंमत म्हणजे, रात्री पाणी कमी केलं की व्हर्लपूलचा भोवरा उलटा फिरायला लागतो. एरवी घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध, तेव्हा काट्यांच्या दिशेने.

पायवाट | १६ मे

बाष्प, मी हे बाबांना वाचून दाखवायला नको होतं. "क्यूसेक" शब्द ऐकल्यावर त्यांनी चष्मा लावून फोन माझ्या हातातून घेतला. गेला अर्धा तास धागा त्यांच्याकडे आहे. आता विचारतायत की दरवाजे रेडियल आहेत की कसले.

आजी_ऑनलाइन | १७ मे

बाबांना माझा नमस्कार सांग गं. आमचे हे पण तसेच होते. ताजमहाल बघताना पन्हाळी कुठे काढली ते बघत होते.

मी ७६ वर्षांची असताना नातवाने मला त्या बोटीत नेलं. मला ऐकू कमी येतं, मशीन ओलं होईल म्हणून काढून पिशवीत ठेवलं होतं. तरी तो आवाज आला. कानाने नाही, छातीत. बाकीचे सगळे ओरडत होते असं नातू म्हणाला, मला ते काही ऐकू आलं नाही, फक्त पाणी. माझ्यासाठी ती बोट पुरे होती. हेलिकॉप्टरचं मला सांगू नका.

टोरांटोकर | १७ मे

आजी, __/\__

बोटीबद्दल थोडी भर. ती काही पर्यटकांसाठी सुरू झाली नव्हती. १८४६ साली नदी ओलांडायची फेरी म्हणून पहिली मेड ऑफ द मिस्ट आली. दोनच वर्षांत घळीवर झुलता पूल झाला आणि तिचं गिऱ्हाईक गेलं. मग तिला धबधब्याकडे वळवलं. आता अमेरिकेच्या बाजूच्या दोन्ही बोटी २०२० पासून पूर्ण बॅटरीवर चालतात, दोन फेऱ्यांच्या मधल्या काही मिनिटांत चार्ज होतात. आमच्या बाजूला २०१४ पासून कंपनी वेगळी. ओळखायची खूण: निळे रेनकोट अमेरिका, लाल रेनकोट कॅनडा. पाणी दोघांवर सारखंच.

शेंडेफळ | १७ मे

इंजिनाचा धूर आणि घरघर नसेल तर खवटकाकांनाही बोट चालेल.

खवट | १७ मे

मी बोटीविरुद्ध काहीच बोललेलो नाही. नीट वाचा.

उडाणटप्पू | १८ मे

अवांतर: पिंपात बसून उड्या मारणाऱ्यांचं कुणी काढलंच नाही अजून? ॲनी टेलर, शाळामास्तरीण, १९०१ साली आपल्या ६३व्या वाढदिवशी पिंपात बसून हॉर्सशूवरून खाली गेली आणि जिवंत बाहेर आली. पिंपातून हे करणारी पहिलीच. पैसे मिळतील ही आशा, ते काही मिळाले नाहीत. १९११ साली बॉबी लीच पोलादी पिंपातून गेला, हाडं मोडून घेतली, वाचला. आणि पुढे न्यूझीलंडमध्ये संत्र्याच्या सालीवरून घसरला, त्या दुखापतीतून १९२६ साली गेला.

दमट | १८ मे

संत्र्याची साल!! आमची आई सालं उचला म्हणून ओरडायची ते उगाच नाही.

निळी_शाई | १८ मे

पिंपवाल्यांचं कौतुक नको. १९६० साली नदीत बोट उलटून सात वर्षांचा मुलगा नुसत्या लाइफ जॅकेटवर हॉर्सशूवरून खाली गेला होता. मेड ऑफ द मिस्टवरच्यांनी रिंग फेकून त्याला वर घेतलं, जिवंत. त्याची बहीण कडेच्या थोडं अलीकडे गोट आयलंडवरून एकाने हात देऊन ओढली. ज्यांची बोट होती ते गृहस्थ मात्र गेले. मी हे वाचल्यापासून मुलाचा हात कठड्याशी सोडत नाही.

पायवाट | १८ मे

निळी_शाई, हे मी आईला वाचून दाखवलेलं नाही आणि दाखवणार नाही.

रानवारा | २० मे

नायगाराच्या धाग्यावर दुसऱ्या धबधब्याचं काढतोय, माफी. पण "वरून की खालून" हा प्रश्न मला व्हिक्टोरिया फॉल्सला पडला होता, आणि तिथे उत्तर महिन्यावर ठरतं. तिथल्या झांबेझी नदीला पूर साधारण मार्च ते मे. तेव्हा तुषारांचा ढग एवढा की समोर उभं राहून पांढऱ्या धुक्याखेरीज काही दिसत नाही. तेव्हा हेलिकॉप्टर किंवा मायक्रोलाइट हाच इलाज. उलट ऑक्टोबर-नोव्हेंबरात झांबियाच्या बाजूला बराचसा उघडा कातळ, पण नदी उतरलेली असल्याने खालच्या घळीत राफ्टिंग जोरात.

मी मायक्रोलाइट केलं. म्हणजे पतंगाला इंजिन लावलंय आणि मागे खुर्ची. समोर पायलटची पाठ, खाली पाय, पायाखाली काही नाही. फोन-कॅमेरा नेऊ देत नाहीत, हातातून सुटून मागच्या पंख्यात गेला तर संपलं. त्यामुळे माझ्याकडे एकही फोटो स्वतः काढलेला नाही आणि मला त्यातलं मिनिट न् मिनिट आठवतंय. नायगाराला चारशे फोटो काढले, त्यातला एकही परत उघडलेला नाही.

खवट | २० मे

शेवटच्या वाक्याला अनुमोदन.

टोरांटोकर | २० मे

पण मग हवेतून बघायचं असेल आणि हेलिकॉप्टर महाग वाटत असेल तर आमच्याकडचं एक जुनं साधन कुणीच घेत नाही: व्हर्लपूल एअरो कार. लिओनार्दो तोरेस केवेदो या स्पॅनिश इंजिनिअरने आखलेला तारेवरचा पाळणा, १९१६ सालापासून भोवऱ्यावरून ये-जा करतोय. उभ्याने जायचं. दोन्ही टोकं कॅनडातच, पण नदीच्या वळणामुळे मध्ये तो अमेरिकेच्या हद्दीत शिरतो आणि परत येतो. पासपोर्ट कुणी विचारत नाही.

दमट | २० मे

वाह! म्हणजे आई-बाबांना अमेरिकेतून कॅनडात व्हिसा लागतो, आणि पाळण्याला काही लागत नाही.

२०१२ साली निक वॉलेंडा अमेरिकेकडून तारेवरून चालत धबधबा ओलांडून गेला, त्याला पलीकडे पोचल्यावर पासपोर्ट दाखवावा लागला होता. चड्डीच्या खिशात घेऊन चालला असणार बिचारा.

शिकाऊ | २२ मे

वाचनखूण साठवली आहे. एक बाळबोध प्रश्न: इंद्रधनुष्य कधी दिसतं?

बाष्प | २२ मे

सूर्य तुमच्या पाठीमागे हवा आणि तुषार समोर. अमेरिकेच्या बाजूला तुम्ही पश्चिमेकडे तोंड करून उभे असता, म्हणून सकाळी. कॅनडाच्या बाजूला उलटं, म्हणून दुपारनंतर. सूर्य डोक्यावर असताना कठड्यावरून सरळ समोर शोधू नका, घळीत खाली बघा.

गाडीवान | २ जुलै

पायवाटताई, काय ठरलं मग?

पायवाट | ३ जुलै

व्हिसाच्या भानगडीत पडलो नाही. अमेरिकेच्याच बाजूला. नवऱ्याला जेट बोटीचं खरं सांगितल्यावर दोन दिवस अबोला होता (बोटीशी, माझ्याशी नाही). तरी तो आणि लेक जाणारच आहेत. मी हेलिकॉप्टर अजून सोडलेलं नाही. येऊन लिहिते.

पायवाट | १९ जुलै

आलो. सगळ्यांचे आभार. थोडं सविस्तर लिहिते, कारण तुम्ही विचारल्याशिवाय राहणार नाही.

मेड ऑफ द मिस्ट: आई लिफ्टमध्ये शिरताना "मी वरच थांबते" म्हणाली, धक्क्यावर "मी इथेच थांबते" म्हणाली, बोटीत "मी आतच बसते" म्हणाली. हॉर्सशूपाशी ती माझा दंड धरून कठड्याशी होती. रेनकोटची टोपी उडून मागे पडलेली, केस चपटे, आणि काहीतरी बोलत होती. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. उतरल्यावर विचारलं तर म्हणाली, "काही नाही, रामरक्षा चालू होती." पुढे म्हणाली, "पण डोळे उघडे ठेवून."

जेट बोट: नवरा आणि लेक चिंब होऊन आले. लेकाने चालकाला "परत" म्हटलं आणि त्याने खरंच परत नेलं. नवरा संध्याकाळभर कान झटकत होता. कोरडे कपडे नेले होते, गाडीवान, तुमचे उपकार.

केव्ह ऑफ द विंड्स: आईला पायऱ्या नको म्हणून ती वर थांबली, बाकी सगळे गेलो. माझ्या मते पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त थरार इथे. हरिकेन डेकवर पाणी थोबाडीत मारल्यासारखं लागतं.

आणि हेलिकॉप्टर. दुसऱ्या दिवशी सकाळचं ठरवलं होतं. ढग खाली उतरलेले, त्यामुळे आधी थांबायला सांगितलं, मग दुपारपर्यंत काही खरं नाही म्हणाले. पैसे परत घेतले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. वीस वर्षं डोक्यात होतं. पुढच्या वेळी.

पण त्या सकाळची खरी गोष्ट वेगळीच आहे. मी उठले तेव्हा बाबा खोलीत नव्हते. फोन केला तर म्हणाले, "मी गोट आयलंडवर आहे, साडेसहापासून." एकटे चालत गेले होते! कडेजवळचा एक खडक त्यांनी हेरून ठेवला होता आणि त्याचा फोटो काढला होता. मग आठ वाजायची वाट बघत तिथेच बसले. मी पोचले तेव्हा नऊ वाजून गेलेले. मला कठड्याच्या एका ठराविक खांबाशी उभं केलं आणि म्हणाले, आता बघ.

खडक नव्हता. त्याच्यावरून पाणी चाललं होतं.

दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरून ते मला दाखवत होते. आजूबाजूला दोनशे लोक सेल्फी काढतायत आणि बाबा सांगतायत, "बघ, दरवाजे पाडले. आकड्याला जागले लेकाचे." नदीच्या वरच्या अंगाला तो बांध ढगाळ हवेतही पुसट दिसत होता. त्यांनी त्याच्याकडे जेवढा वेळ बघितलं तेवढा धबधब्याकडे बघितलं नसेल.

खवट | १९ जुलै

बाबांना माझा सलाम. अडीच तास कठड्याशी. हेलिकॉप्टर नाही, काही नाही.

उडाणटप्पू | १९ जुलै

पायवाट, ढगांमुळे रद्द झालं त्याचं वाईट वाटलं. नेहमी पहिल्या दिवशीचं बुकिंग करावं म्हणजे दुसरा दिवस हाताशी राहतो. हे मी आधीच सांगायला हवं होतं.

बाष्प | १९ जुलै

फोटो टाका! दोन्ही! प्लीज!

पायवाट | २० जुलै

बाबा म्हणतात आधी त्यावर वेळ आणि दिशा लिहायची आहे, मग टाकू. बाणही काढायचा आहे म्हणे.

आजी_ऑनलाइन | २० जुलै

आईने रामरक्षा पूर्ण केली का गं बोटीत?

पायवाट | २० जुलै

आजी, विचारलं. दोनदा म्हणून झाली म्हणते.

शिकाऊ | ८ सप्टेंबर

धागा वर काढतोय. आम्ही ऑक्टोबरच्या मध्याला जातोय, पानगळीचे रंग बघायला. बोटी चालू असतात का तेव्हा? आणि रात्री दिव्यांच्या रोषणाईत धबधबा किती वाजता बघावा?

निळी_शाई | ८ सप्टेंबर

मेड ऑफ द मिस्ट साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत असते. थंडी असेल, रेनकोटच्या आत जाड काहीतरी घाला.

पायवाट | ९ सप्टेंबर

बाबा परत गेले, पण धागा रोज उघडतात. तुमच्या प्रश्नावर काल रात्री त्यांचा फोन आला, जसंच्या तसं देते: "त्याला सांग, १६ सप्टेंबरनंतर रात्री आठलाच पाणी कमी करतात. आधी धबधबा बघ, जेवण नंतर."